नीतिमत्तेचे तास कुठे अडतात? कायरोप्रॅक्टर वाचकांचे प्रश्न

अमेरिकेत कायरोप्रॅक्टिकचा (मणक्यावर हाताने उपचार करण्याचा) व्यवसाय करणाऱ्या वाचकांकडून लायसन्सचं नूतनीकरण आणि त्यासाठी लागणाऱ्या नीतिमत्तेच्या शिक्षणाबद्दल आलेल्या प्रश्नांना या वेळी उत्तरं देत आहोत.

प्रश्न : माझं लायसन्स फ्लोरिडाचं आहे. सीईचे, म्हणजे नूतनीकरणासाठीच्या सततच्या शिक्षणाचे, ४४ तास पूर्ण झाले, तरी हे तास नोंदवणाऱ्या सीई ब्रोकर या वेबसाइटवर ‘अपूर्ण’ असंच दिसतंय. नीतिमत्तेवरचं सत्रही मी केलं होतं. मग अडलंय कुठे?

एकूण बेरीज जमली म्हणजे काम झालं, असं होत नाही. फ्लोरिडात दोन वर्षांच्या मुदतीत ४० तास लागतात, पण ते विषयवार वाटलेले आहेत : सर्वसाधारण २७, नोंदी आणि कोडिंग ६, नीतिमत्ता २, कायदे व नियम २, वैद्यकीय चुका टाळणे २ आणि जोखीम व्यवस्थापन १. सर्वसाधारण विषयांचे तास कितीही जास्त झाले तरी त्यातून नीतिमत्तेचे दोन तास भरून निघत नाहीत.

तुमच्या बाबतीत तीन शक्यता तपासा. पहिली, सत्रात नीतिमत्तेवर बोलणं झालं असेल, पण बोर्डाने (लायसन्स देणाऱ्या राज्याच्या मंडळाने) त्या कोर्सला मान्यता ‘सर्वसाधारण’ म्हणूनच दिली असेल. प्रमाणपत्रावर कोणता विषय छापला आहे ते पाहा, कारण ग्राह्य तोच धरला जातो. दुसरी, कोर्स घेणाऱ्या संस्थेने नोंद करताना लायसन्स क्रमांकातला एखादा आकडा चुकवला असेल. तिसरी, संस्थेने अजून नोंदच पाठवली नसेल. शेवटच्या दोन चुका संस्थेला एक ईमेल केल्यावर सुटतात. पहिली मात्र नवा कोर्स केल्याशिवाय सुटत नाही.

फ्लोरिडाची मुदत सम वर्षाच्या ३१ मार्चला संपते. नीतिमत्ता, कायदे आणि वैद्यकीय चुका हे लहान गट मुदतीच्या पहिल्या वर्षातच उरकून टाका, असं आम्ही आग्रहाने सांगू. उपचारतंत्राची शिबिरं वर्षभर मिळतात, अडचण होते ती याच छोट्या गटांची.

प्रश्न : माझ्याकडे दोन राज्यांची लायसन्स आहेत. एकाच कोर्सवर दोन्हीकडे भागेल का?

कधी भागतं, कधी नाही. फेडरेशन ऑफ कायरोप्रॅक्टिक लायसन्सिंग बोर्ड्स या बोर्डांच्या संघटनेच्या ‘पेस’ कार्यक्रमाने मान्यता दिलेल्या संस्थांचे कोर्स बरीच राज्यं स्वीकारतात, पण सगळी नाही. राज्याराज्यांतली चौकटही वेगळी असते. इलिनॉयमध्ये कायरोप्रॅक्टर वैद्यकीय व्यवसायाच्या कायद्याखाली येतात. तिथे तीन वर्षांत १५० तास लागतात आणि त्यात लैंगिक छळ प्रतिबंधाचा एक तास सक्तीचा आहे. कायदे व नियमांचे तास तर ज्या त्या राज्याचेच हवेत. पैसे भरण्याआधी दोन्ही बोर्डांच्या यादीत कोर्सचा क्रमांक शोधा.

प्रश्न : ओळखीच्या, वयस्कर रुग्णांकडून मी मेडिकेअरचा (ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याचा) को-पे, म्हणजे रुग्णाने भरायचा वाटा, घेत नाही. यात नीतिमत्तेचा प्रश्न कुठे येतो? हे तर औदार्य झालं.

हेतू चांगला आहे, पण हेच सरसकट केलंत तर कायद्याच्या कचाट्यात सापडाल. मेडिकेअरच्या पार्ट बीमध्ये (डॉक्टरांकडच्या उपचारांच्या भागात) मान्य रकमेचे साधारण २० टक्के रुग्णाने द्यायचे असतात. ते कायमचे सोडून दिले की दोन गोष्टी होतात. तुम्ही बिलात दाखवता ती किंमत तुमची खरी किंमत राहत नाही, आणि रुग्णाला तुमच्याकडे ओढण्यासाठी आमिष दिलं असा अर्थ निघतो. हा मुद्दा केंद्राच्या अँटी-किकबॅक (आमिष-लाचविरोधी) कायद्याखाली येतो.

मग खरोखर गरज असलेल्या रुग्णाचं काय करायचं? त्याची आर्थिक अडचण व्यक्तिशः तपासा, त्याच्याकडून छोटा फॉर्म भरून घ्या, निर्णय फाइलमध्ये लिहा आणि ठराविक काळाने पुन्हा तपासा. या सवलतीची जाहिरात करू नका. रोख नसलेल्या छोट्या भेटवस्तूंना मर्यादा आहे : एका वेळी १५ डॉलर, वर्षाला ७५ डॉलर. त्यात गिफ्ट कार्ड बसवायचा प्रयत्न करू नका, ते बहुधा रोखीसारखंच धरलं जातं.

याच्याशी जोडलेला, जास्त गंभीर भाग असा. मेडिकेअर कायरोप्रॅक्टरला पैसे देतं ते फक्त मणक्यावर हाताने केलेल्या उपचाराचे. बिलात लावायचे कोड असे : ९८९४० (मणक्याचे एक-दोन भाग), ९८९४१ (तीन-चार भाग), ९८९४२ (पाचही भाग). त्यासोबत एटी मॉडिफायर (कोडला जोडायची खूण) लावणं म्हणजे ‘हा उपचार सक्रिय आहे, सुधारणेची अपेक्षा आहे’ असं लेखी सांगणं. रुग्ण स्थिर झाला, दर महिन्याला फक्त बरं वाटावं म्हणून येतो, तर ती देखभाल झाली. तिथे एटी लावता येत नाही. उपचाराआधीच एबीएन हा फॉर्म देऊन ‘मेडिकेअर याचे पैसे बहुधा देणार नाही’ हे सांगावं लागतं. हा फॉर्म उपचारानंतर सही करून घेतला तर त्याचा उपयोग नाही. दोन भागांवर काम करून ९८९४१ लावणं, किंवा प्रत्येक भेटीची टिपणं शब्दशः तीच ठेवणं, हे तपासणीत लगेच उठून दिसतं. ‘मी मेडिकेअरमधून बाहेर पडतो’ हा मार्ग कायरोप्रॅक्टरला उपलब्ध नाही, म्हणून हा भाग नीट शिकणं टाळता येत नाही. नीतिमत्तेचा कोर्स निवडताना बिलिंगची खरी प्रकरणं सोडवून घेतो तो निवडा.

प्रश्न : एका रुग्णाशी जवळीक वाढत आहे. उपचार थांबवले तर चालेल ना?

एका दिवसात उपचार थांबवून दुसऱ्या दिवशी नातं सुरू केलं, तर बोर्ड ते उपचारादरम्यानचंच मानू शकतं. फ्लोरिडात लैंगिक गैरवर्तनाला कायद्यात स्वतंत्र कलम आहे, आणि रुग्णाची संमती होती हा बचाव तुम्हाला वाचवेल असं समजू नका. काही राज्यांत उपचार संपल्यावर ठराविक काळ जाऊ द्यावा लागतो. तो किती, हे तुमच्या बोर्डाच्या नियमात शोधा. सध्या रुग्णाला लेखी कळवून दुसऱ्या कायरोप्रॅक्टरकडे पाठवा, नोंदी हस्तांतरित करा, आणि पुढचं पाऊल टाकण्याआधी वकिलाशी बोला.

रोजच्या कामातही सीमा छोट्या गोष्टींत जपल्या जातात. कंबर किंवा छातीजवळ हात लावण्याआधी काय करणार ते सांगून होकार घ्या, गाऊन द्या, रुग्णाने मागितल्यास तिसरी व्यक्ती खोलीत ठेवा आणि ती होती हे टिपणात लिहा.

प्रश्न : बोर्डाच्या शिस्तभंगाच्या आदेशात ‘एथिक्स अँड बाउंडरीज’ परीक्षा द्यायला सांगितलं आहे. सीईचे जादा तास करून ती टळेल का?

नाही. ती निबंधवजा परीक्षा आहे. विषय पाच : सीमाभंग, फसवणूक, व्यावसायिक मानकं, व्यसनाधीनता आणि अव्यावसायिक वर्तन. आदेशात कोणते भाग लिहिले आहेत ते आधी पाहा, सगळे पाच असतीलच असं नाही. आदेशाखाली केलेले शिक्षणाचे तास नूतनीकरणाच्या तासांत मोजू नयेत, अशी अटही आदेशात बहुधा असते, तेव्हा दोन्हींसाठी वेगवेगळी प्रमाणपत्रं ठेवा.