खोक्यावरचा वेग बघून एअर रायफल घेऊ नकोस

मित्रा, कंपन्या छापतात तो वेग बहुतेकदा सगळ्यात हलका छर्रा झाडून काढलेला असतो. छर्रा सेकंदाला 340 मीटरच्या, म्हणजे आवाजाच्या वेगाच्या आसपास गेला की डगमगतो आणि नेमाची वाट लागते. त्यापेक्षा ऊर्जा किती ते विचार. सशाच्या डोक्यावर नेम धरणार असशील, तर 30 मीटरच्या आत 16 जूल पुरतात.

4.5 मिमीचा छर्रा सरळ जातो, अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी खपतं. 5.5 चा जड, घाव रुंद. शिकारीला मी 5.5 च सांगेन. परवाना, हंगाम वगैरे आधी बघून घे.

छर्रे गोल डोक्याचेच घे. टोकदार नुसते दिसायला जहाल, चपटे कागदी लक्ष्यापुरते. पण खरी निवड तुझी नळी करते. चार प्रकारच्या छर्‍यांचे डबे आण, रायफल टेकवून प्रत्येकातले पाच-पाच झाड. ज्याची भोकं एकमेकांना चिकटून पडतील, तो तुझा. भरताना छर्‍याची मागची पातळ कडा बोटाने चाचप. दबलेली असेल तर टाकून दे. मग टेकू काढून, शिकारीत बसशील तसाच बसून झाड. पाचही 25 मिमीच्या वर्तुळात बसतात तेवढंच तुझं अंतर, रायफल कितीही दमदार असो.