मोपाहून मुंबईमार्गे दुबईला: नारळ, मसाला, आगळ सिक्युरिटीत काढून घेतात का?

प्रश्न असा आहे: सावंतवाडीचे आईबाबा पहिल्यांदाच विमानाने, गोव्याच्या मोपा विमानतळावरून, मुलीकडे दुबईला चाललेत. सोबत देवाचा नारळ, सुकं खोबरं, मालवणी मसाला आणि कोकमाचं आगळ, म्हणजे दाट रस, आहे. सिक्युरिटीवाले काय काढून घेतील, आणि नीट सांगितलं तर सोडतील का?

नाही सोडत. बॅग भरताना कुठलं काय कुठल्या बॅगेत गेलं, तिथेच निम्मा निकाल लागलेला असतो. मशीनपाशी उभ्या माणसाला विनवून उपयोग नाही.

आधी नारळ, कारण आमचे भावोजी दर गणपतीत यावर वाद घालतात. विमानात नारळ न्यायला परवानगी मिळाल्याची बातमी त्यांनी वाचली आहे. बातमी खरी, पण भावोजींनी ती अर्धीच वाचली. नागरी विमान सुरक्षा ब्युरोने 2022 मध्ये आणि पुन्हा 2024 मध्ये शबरीमलाच्या यात्रेकरूंना केबिनमध्ये नारळ न्यायची सवलत दिली होती. ती ठरावीक मुदतीची होती, आणि तेव्हाही एक्स-रे, स्फोटकांची चाचणी व हाताने तपासणी होऊनच नारळ आत जायचा. एरवी अख्खा नारळ हातातल्या बॅगेत चालत नाही, मग तो देवापुढे गाऱ्हाणं घातलेला का असेना. पाणीवाला नारळ सोलून, कागदात गुंडाळून चेक-इन बॅगेच्या (काउंटरवर जमा करायची ती) मध्यावर कपड्यांत ठेवा.

सुक्या खोबऱ्याची गोष्ट वेगळी. ते ना हातात चालतं, ना चेक-इनमध्ये. भावोजींना हा शुद्ध छळ वाटतो. पण खोबऱ्यातलं तेल हवेच्या संपर्कात हळूहळू तापत जातं. विमानवाहतुकीच्या धोकादायक मालाच्या यादीत खोबरं 1363 क्रमांकाने, आपोआप तापणाऱ्या पदार्थांच्या 4.2 या वर्गात आहे. बॅगेत निघालं तर आईबाबांना बोलावून बॅग उघडायला लावतात, आणि घड्याळ पुढे सरकत राहतं. वाट्या घरीच ठेवा, दुबईत खोबरं मिळतं.

मसाल्याच्या बाबतीत सर्वात जास्त जपा. तिखटपूड आणि मसाल्याची पूड हातातल्या बॅगेत घेऊ देत नाहीत, चेक-इनमध्ये बंद पाकिटातून जाते. खरा धोका पुढे आहे. घरच्या मालवणी मसाल्यात बऱ्याच ठिकाणी खसखस असते आणि संयुक्त अरब अमिरातीत खसखशीवर बंदी आहे. ती अफूच्या बोंडातली असल्याने तिथे प्रकरण अमली पदार्थांच्या कायद्यात जातं. भाजून दळलेली आहे हा बचाव तिथे सांगत बसायची वेळ येऊ देऊ नका. आईने मसाला स्वतः कुटला असेल तर खसखस घातली का ते विचारा. घातली असेल किंवा खात्री नसेल, तर तो मसाला इथेच राहू द्या. खसखस वगळून वेगळा मसाला करता येतो.

आगळ चेक-इनमध्येच टाका. मोपाला देशांतर्गत तपासणीत बाटली सुटली म्हणून मुंबईला सुटेल असं नाही. तिथे आंतरराष्ट्रीय विमानात चढण्याआधी हातातली बॅग पुन्हा मशीनमधून जाते आणि द्रवाची बाटली 100 मिलीपेक्षा मोठी नको हा नियम लागतो. मोजतात ती बाटलीची क्षमता. 200 मिलीच्या बाटलीत तळाला दोन बोटं आगळ असलं तरी ती काढून घेतात. रसाळ लोणचंही द्रवातच धरतात. विमानात हवेचा दाब कमी होतो आणि बाटलीतली हवा फुगते, म्हणून प्लास्टिकची बाटली किंचित दाबून झाकण लावा, वर टेप मारा, दोन पिशव्यांत घाला. सोलकढी करून देऊ नका, ती आंबते आणि झाकण उडवते.

आंबापोळी, गूळ, खाजं चालतं, पण त्यांच्यामुळे बॅग उघडायची शक्यता असते. एक्स-रेच्या पडद्यावर सेंद्रिय वस्तू नारिंगी दिसते, धातू निळा. स्फोटकंही नारिंगीतच येतात, त्यामुळे दाट नारिंगी ठोकळा दिसला की ट्रे बाजूला जातो. आंबापोळ्या एकावर एक रचण्यापेक्षा पसरून ठेवा आणि चार्जरच्या वायरी त्यांच्यावर टाकू नका.

पॉवर बँक उलट हातातच हवी. चेक-इनमध्ये सापडली तर काढून घेतात. 20,000 एमएएच म्हणजे 74 वॉट-तास. मर्यादा 100 ची, तेव्हा चालते.

बाकी थोडक्यात. मंगळसूत्र, बांगड्या काढाव्या लागत नाहीत. आईंची तपासणी महिला कर्मचारी पडद्याआड करते. पेसमेकर असेल तर मेटल डिटेक्टरच्या चौकटीतून जाण्याआधीच सांगा, कार्ड खिशात ठेवा. गोळ्या, इन्शुलिन डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातात.

सुक्या बांगड्याचं, म्हणजे मासळीचं, विचारलं नाहीत, पण विचाराल. त्यावर हरकत घेते ती बहुधा विमान कंपनी, वासासाठी. तिलाच आधी विचारा. नियम अधूनमधून बदलतात, म्हणून निघण्याच्या आठवड्यात कंपनीची यादी एकदा बघून घ्या, भावोजींची नको.

बाबा पान खात असतील तर अडकित्ता चेक-इन बॅगेत. काडेपेटी आणि लायटर कुठेच नाही.