गिंप या चित्र-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये बॅनरवर लोगो ठेवला की त्याभोवती पांढरा चौकोन दिसतो. तो कसा काढावा?

इंदूरच्या आपल्या मंडळाच्या गणेशोत्सव बॅनरसाठी लोगोची पारदर्शक पार्श्वभूमी असलेली पीएनजी प्रत मिळवून ती ‘ओपन ॲज लेयर्स’ने स्वतंत्र लेयरवर (थरावर) आणावी, कारण जेपीईजी प्रकारच्या चित्रात पारदर्शकता साठवताच येत नाही आणि रिकामी जागा बहुधा पांढरी भरली जाते. मूळ एसव्हीजी (आकृती रेषा-आकारांच्या रूपात साठवणारी) फाइल मिळाली तर फारच उत्तम. ती उघडताना हवा तो आकार निवडता येतो व कडा स्वच्छ राहतात. लोगोला ‘ड्रॉप शॅडो’ची सावली द्यायची असेल तर ती फिकटच ठेवावी, गडद सावलीने फ्लेक्सवर अक्षरे मळकट दिसतात, असा येथील छपाईच्या कामातला माझा अनुभव आहे. जेपीईजीच हाताशी असेल तर ‘कलर टू अल्फा’ने पांढरा रंग काढता येतो, मात्र लोगोच्या आतला पांढरा रंगही त्याबरोबर जातो.