रात्री सोडलेलं पाणी आणि सकाळी मेलेले मासे

प्रश्न : वकीलताई नमस्कार. आमचं गाव नदीकाठी, आम्ही भोई, वडील आणि चुलते अजून होडी काढतात. गावाच्या वरच्या अंगाला चार-पाच किलोमीटरवर एक साखर कारखाना आहे, त्याचीच डिस्टिलरी, दर हंगामात एखाद्या रात्री ओढ्यात मळीमिश्रित पाणी सोडतात. सकाळी बंधाऱ्यावर जावं तर मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करत असतात आणि दुपारपर्यंत पांढरे पडून काठाला लागतात. आम्ही फोटो काढले, ग्रुपवर टाकले, पेपरातही आलं, पण प्रदूषण नियंत्रण मंडळाचे साहेब आले तिसऱ्या दिवशी, तोवर पाणी निवळलेलं, रिपोर्ट आला सगळं मर्यादेत. आता ओढ्याकाठच्या विहिरीलाही तांबूस पाणी येतंय. कायदा आहे म्हणतात, मग तो आमच्या उपयोगाला का येत नाही?

उत्तर : दादा, कायदा उपयोगाला येतो, पण त्याला वेळेवर भरलेली बाटली लागते. तुमच्याकडे फोटो आहेत आणि फोटोत मासे मेलेले दिसतात, कोणत्या पाण्याने मेले ते दिसत नाही, तुमची केस तिथेच अडकलीये.

आधी हे समजून घ्या की मळी किंवा स्पेंटवॉश, म्हणजे डिस्टिलरीतून निघणारं सांडपाणी, पाण्यात गेलं की सूक्ष्मजीव त्याच्यावर तुटून पडतात आणि पाण्यातला ऑक्सिजन खाऊन टाकतात, म्हणून मासा वर येऊन तोंड उघडतो, तो गुदमरत असतो. नदीत सोडायच्या सांडपाण्याचा बीओडी, म्हणजे त्यातली घाण कुजताना किती ऑक्सिजन खाते त्याचं माप, लिटरला 30 मिलिग्रॅमच्या वर नको असा सर्वसाधारण निकष आहे आणि कच्च्या स्पेंटवॉशचा असतो 40 हजारांच्या आसपास! म्हणजे एका टँकरनेही ओढ्याचा जीव जातो. पण हेच पाणी दोन दिवसांत वाहून जातं, पातळ होतं आणि तिसऱ्या दिवशीच्या बाटलीत काही सापडत नाही.

आता कायदा. जल प्रदूषण प्रतिबंध कायदा 1974 चा आहे, महाराष्ट्राने तर त्याच्याही आधी 1969 लाच स्वतःचा केला होता. 1974 च्या कायद्याचं कलम 24 म्हणतं की नदी, ओढा, विहीर, गटार किंवा जमीन, यातल्या कशातही विषारी वा घाण करणारं द्रव्य जाणूनबुजून सोडायचं नाही. विहीर हा शब्द कायद्यातच आहे, त्यामुळे तुमच्या तांबूस पाण्याची तक्रार वेगळी लिहून द्या, नदीच्या तक्रारीत एका ओळीत घालू नका.

आणि कलम 21 तर पाठच करा, बऱ्याच केसेस इथे मरतात. कारखान्याच्या सांडपाण्याचा नमुना मंडळाच्या अधिकाऱ्याने घ्यायचा, तिथल्या तिथे कारखानदाराला तसं लेखी कळवायचं, त्याच्यासमोर नमुन्याचे दोन भाग करायचे, सील करायचे, दोघांच्या सह्या घ्यायच्या. यातली एक पायरी चुकली की रिपोर्ट कितीही वाईट असू दे, या कायद्याखाली पुरावा म्हणून चालत नाही. म्हणून साहेब आले की गावातल्या दोन-तीन शिकलेल्या पोरांनी शांतपणे बाजूला उभं राहायचं आणि सील झालं का, सही झाली का, किती वाजले हे वहीत लिहायचं. भांडायचं नाही, नमुना घेताना भांडण झालं तर फायदा समोरच्याचाच.

तुम्ही स्वतः भरलेली बाटली या कलमात बसत नाही पण ती वाया जात नाही, हरित लवादापुढे, म्हणजे पर्यावरणाच्या खटल्यांसाठीच्या खास न्यायाधिकरणापुढे, बाकीच्या पुराव्याबरोबर ती दाखवता येते. ओढा नदीला मिळतो तिथे एक, नदीतच त्याच्या वरच्या अंगाला एक आणि बंधाऱ्याच्या फुगवट्यात एक, अशा तीन भरा, तलाठी किंवा ग्रामसेवकासमोर पंचनामा करा, बर्फात ठेवून त्याच दिवशी मान्यताप्राप्त लॅबला पोचवा, कारण बीओडीची टेस्टच तीन दिवसांची असते आणि गरम गाडीत पडलेल्या बाटलीला नंतर काही अर्थ राहत नाही. वरच्या बाटलीत पाणी चांगलं आणि खालच्या दोन्हींत वाईट निघालं की घाण कुठून आली ते कुणाला समजावून सांगावं लागत नाही. मंडळाच्या उपप्रादेशिक ऑफिसला फोन रात्रीच करा आणि लगेच ईमेलही, वेळ नोंदली जाते.

लोकांना माहीत नसलेली आणखी एक गोष्ट. कारखान्याला सांडपाण्यासाठी मंडळाचं संमतीपत्र लागतं, आणि त्यातल्या अटींचं रजिस्टर कलम 25 प्रमाणे ज्याला त्रास होतोय त्या माणसाला बघायला खुलं असतं. जा आणि बघा. अटीतच ओढ्यात थेंब सोडायचा नाही असं असेल तर बीओडी किती यावर वाद घालत बसायची गरजच उरत नाही.

शिक्षेबद्दल खरं सांगते. मूळ कायद्यात कलम 24 मोडलं तर दीड ते सहा वर्षं कैद होती, 2024 च्या दुरुस्तीने त्याजागी 10 हजार ते 15 लाख दंड आणला, ही दुरुस्ती ज्या राज्यांनी स्वीकारली तिथे लागू. मला हे पटलेलं नाही, मोठ्या कारखान्याला 15 लाख म्हणजे काहीच नाही. म्हणून तुम्ही कलम 33 अ वर जोर द्या, त्याखाली मंडळ वीज-पाणी तोडायचा आणि कारखाना बंद करायचा आदेश देऊ शकतं आणि ऐन गाळपाच्या हंगामात त्याची धास्ती दंडापेक्षा कितीतरी जास्त असते. मंडळ हललंच नाही तर कलम 49 खाली 60 दिवसांची नोटीस देऊन तुम्ही स्वतः कोर्टात जाऊ शकता, तेव्हा मंडळाकडचे रिपोर्ट मागायचा हक्कही मिळतो.

माशांची भरपाई मात्र वेगळा मार्ग. हरित लवादाचं पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यातच आहे, तिथे भरपाईसाठी पाच वर्षांची मुदत आहे, पण प्रदूषण थांबवायचा नुसता आदेश हवा असेल तर सहा महिन्यांत जावं लागतं. वडिलांच्या आणि चुलत्यांच्या मासळीचा रोजचा हिशोब आजपासून लिहायला लागा, किती किलो, काय भावाने, कुणाला विकली. सोसायटीच्या पावत्या असतील तर त्या जपून ठेवा, भरपाईचा आकडा त्यावरूनच काढतात.

प्रश्न : आमच्या शहराचा मैला थेट नाल्यातून नदीत जातो. नगरपालिका म्हणते निधी नाही. काय करायचं?

उत्तर : निधी नाही हे उत्तर सुप्रीम कोर्टाने 1980 लाच नाकारलंय. मध्य प्रदेशातल्या रतलामची केस, तिथेही उघडी गटारं आणि अल्कोहोल कारखान्याचं घाण पाणी होतं, नगरपालिका हेच म्हणाली होती, आणि न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी सांगितलं की पैसे नाहीत म्हणून कायद्याने दिलेलं काम टाळता येणार नाही. ती केस सुरू झाली होती साध्या मॅजिस्ट्रेटपुढे, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 133 खाली. आता ते नागरिक सुरक्षा संहितेत कलम 152 आहे. प्रांतसाहेबांकडे अर्ज द्या, वॉर्डातल्या दहा-पंधरा घरांच्या सह्या घ्या, नाल्याच्या तोंडाचे तारखेसकट फोटो जोडा आणि पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका.