सुभेदाराच्या मुलीला पत्र

प्रिय पोरी,

"सुभेदाराची मुलगी असून वीरपत्नींच्या पेन्शनवर असलं लिहितेस? हा सैन्याचा अपमान नाही?" हे चर्चासत्रात कुणी विचारलं आणि तू निबंध अर्धवट आवरून खाली बसलीस. परवा फोनवर मला नीट उत्तर सुचलं नाही, म्हणून लिहिते आहे.

राज्यघटना काढ. कलम 19 तुला-मला बोलण्याचं, संघटना करण्याचं स्वातंत्र्य देतं. त्याच भागात पुढे कलम 33 आहे. सैनिकांचे मूलभूत हक्क कमी करण्याचा अधिकार संसदेला त्यानं दिला. 1950 च्या सेना कायद्याचं कलम 21 त्याच धाग्यातलं. संघटनेत जाणं, सभेत भाग घेणं, वर्तमानपत्राला काही कळवणं, या सगळ्यावर बंधन घालता येतं. तुझे वडील फौजेत होते तितकी वर्षं त्यांनी हे बंधन पाळलं. सैनिकाच्या त्यागाचं बोलताना आपण थेट सीमेवर जातो. हा त्याग छावणीतल्या रोजच्या दिवसातला आहे, आणि मला तो फार मोठा वाटतो. त्यांनी मिटलेलं तोंड तुला उघडता येतं. त्यांचे आभार मानायचे म्हणून तूही मिटून घेतलंस, तर त्यांनी सोसलं ते कुणासाठी?

बाबासाहेब आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ आठव. सुभेदार, महूच्या लष्करी शाळेत शिक्षक. त्या काळी पलटणीत सैनिकांच्या मुलामुलींना शिक्षण सक्तीचं होतं. गावच्या शाळेनं ज्यांना दाराबाहेर बसवलं असतं त्यांच्या घरात त्यामुळे पाटी-पुस्तक आलं. (पुढे 1892 च्या सुमारास याच फौजेनं महारांची भरती बंद केली, तेही विसरू नकोस.) रामजींच्या या धाकट्या मुलानं 1923 मध्ये लंडनला रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध छापला. ज्या सरकारची चाकरी बापानं केली, त्याच सरकारच्या चलनधोरणाची त्यात चिरफाड आहे. बाबासाहेबांना यासाठी कुणी कृतघ्न म्हणेल का?

आता तुझ्या कामाचं. वीरपत्नीला साधं कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं, विशेष मिळतं की उदारीकृत, हे मृत्यूचं कारण कुठल्या रकान्यात पडलं यावर ठरतं. ढोबळ हिशेबानं अनुक्रमे शेवटच्या पगाराच्या 30 टक्के, 60 टक्के किंवा पूर्ण पगाराइतकं. एका बाईचं उरलेलं आयुष्य त्या एका नोंदीवर चालतं. ती नोंद कोण करतं, कशावरून करतं, बाईला अपील करता येतं हे तिला कोण सांगतं, हे विचारणं म्हणजे सैन्याचा अपमान कसा? मला तर गावच्या कमानीवर नाव कोरण्याइतकंच ते मोलाचं वाटतं.

एक मात्र तुझं चुकलं. निबंधात तू सगळा दोष जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातल्या कारकुनावर टाकलास. वर्गवारी तिथे होत नाही, त्याच्या हाती फक्त कागद येतो. ते पान वगळ. आणि बायकांची नावं, पीपीओचा, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशाचा, क्रमांक कुठेही देऊ नकोस. त्यांनी तुझ्यासमोर ट्रंका उघडल्या त्या विश्वासानं.

वडील निवृत्त आहेत, आता बोलू शकतात. पण ते बोलतीलच असं धरू नकोस, वीस-पंचवीस वर्षांची सवय असते. संध्याकाळी जवळ बस, त्यांचाच पीपीओ मागून घे आणि एकेक रकाना त्यांच्याकडूनच समजून घे.

सुधारलेला निबंध आधी त्यांना वाचायला दे. मग माझ्याकडे पाठव.

तुझी,
मॅडम