अमेरिकेत एपिस्कोपल चर्चच्या पाटीवर ‘सर्वांचं स्वागत’ असतं. ख्रिस्ती नसलेल्याने गेलं तर चालतं का? तिथे प्रार्थनेशिवाय काय चालतं?

खुशाल जा. एपिस्कोपल म्हणजे अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या, घराण्यातलंच चर्च. मुंबईच्या फोर्टातलं सेंट थॉमस कॅथेड्रल पाहिलं असेल, तर त्याची जुनी परंपराही हीच. उपासना चालू असताना मागच्या बाकावर बसलात तरी कुणी हटकत नाही. प्रसादाच्या वेळी बाप्तिस्मा झालेले लोक भाकर आणि द्राक्षारस घेतात. तुम्ही जागेवर बसून राहा, किंवा पुढे जाऊन छातीवर हातांची फुली करा, म्हणजे पाद्री नुसता आशीर्वाद देतात. नंतर कॉफी असते. खऱ्या ओळखी तिथेच होतात.

बाकी कामाचं म्हणाल, तर न्यूयॉर्कच्या चेल्सी भागातलं होली अपॉस्टल्स चर्च बघा. 1982 पासून तिथे गरजूंना फुकट गरम जेवण मिळतं. 1990 मध्ये आग लागून छताचं मोठं नुकसान झालं, तरी जेवण थांबलं नाही. दुरुस्तीनंतर त्यांनी बाकं परत बसवलीच नाहीत, त्यामुळे प्रार्थनेच्या मुख्य दालनातच टेबलं मांडून पंगत बसू लागली. शुक्रवारी संध्याकाळी तिथे कित्येक वर्षं समलिंगी ज्यूंच्या सिनेगॉगची प्रार्थनाही होत असे. याच चर्चमध्ये 1977 साली एलन बॅरेट या उघडपणे समलिंगी असलेल्या स्त्रीला पाद्रीपदाची दीक्षा मिळाली आणि त्यावरून मोठा गदारोळ झाला.

सगळीच चर्चेस इतकी धडाडीची नसतात, काही अगदी शांत असतात. जिथे जेवण असतं तिथे ते वाढायला मात्र हात लागतातच. धर्म कुणी विचारत नाही, हातमोजे देतात.