तिथे मी जेवायला गेलेच नव्हते

"हौसेने बाहेर जेवायला जातो मॅडम, आणि परत येताना एकमेकांशी बोलत नसतो." दादरच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हे वाक्य मी किती जणांकडून ऐकलं असेल, त्याची मोजदाद नाही. कुणी लग्नाच्या वाढदिवसाला गेलेलं असतं, कुणी पहिल्या पगाराची पार्टी द्यायला. जेवण बेताचं निघतं. तिथे कुणी अवाक्षर काढत नाही. बिल मुकाट भरलं जातं आणि मग रिक्षात, नाहीतर घरी चपला काढता काढता, भलत्याच गोष्टीवरून ठिणगी पडते. शेवटी प्रत्येक जण मला एकच विचारतो: "एवढ्याशा गोष्टीचा मला एवढा त्रास का होतो?"

या प्रश्नाचं जे उत्तर मला सापडलं, ते मीनलमुळे. (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. लिहायला तिची संमती आहे.) वय 36, राहायला मुलुंडला, नोकरी वांद्रे-कुर्ला संकुलात. राग आवरत नाही म्हणून ती आली होती. तिला आणलं होतं मात्र तिच्या 9 वर्षांच्या मुलाच्या एका वाक्याने. तो म्हणाला होता, "आई, त्या नूडल्सच्या हॉटेलात आपण परत नको जाऊ या. तिथून आलं की तू रागावतेस."

ते हॉटेल व्हिएतनामी होतं, वांद्र्याचं. मीनल 2023 मध्ये ऑफिसच्या कामाने हो ची मिन्ह सिटीला आठवडाभर राहून आली होती. तिथे रोज सकाळी ती फूटपाथवरच्या बुटक्या प्लास्टिकच्या स्टुलावर बसून फो खायची. फो म्हणजे तांदळाच्या पट्टीसारख्या नूडल्स घातलेलं पातळ, नितळ सूप. गोमांसाचा तो फो बो आणि कोंबडीचा तो फो गा. मीनल फो गा खायची. हाडं तासन्‌तास मंद आचेवर उकळायची, त्यात विस्तवावर भाजलेलं आलं आणि कांदा, शिवाय चक्रीफूल, दालचिनी, लवंग. आपल्याच मसाल्याच्या डब्यातली मंडळी, पण चव अगदी निराळी. हा पदार्थ मूळचा व्हिएतनामच्या उत्तरेकडचा, विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा. 1954 मध्ये देशाची फाळणी झाली तेव्हा उत्तरेतून दक्षिणेत गेलेल्या लोकांबरोबर तो तिकडे पसरला. दक्षिणेत त्याच्यासोबत मोड आलेले मूग, लिंबू, मिरची आणि ताज्या पानांची ताटली येते, आणि ज्याने त्याने आपला वाडगा आपल्या चवीने पुरा करायचा असतो. हे मला मीनलनेच सांगितलं. सांगताना तिचा चेहरा उजळला होता, आणि तेव्हाच मी मनाशी नोंद केली की या बाईला काय हवं आहे ते तिला नेमकं ठाऊक आहे.

वांद्र्याला ती तीनदा गेली. पहिल्यांदा नवऱ्यासोबत: सूप कोमट, नूडल्सचा गोळा झालेला. दुसऱ्यांदा ऑफिसच्या मैत्रिणींना घेऊन. त्यातली एक शाकाहारी. फोमध्ये माशांपासून केलेलं सॉस घालतात हे मीनलला माहीत होतं, तरी "भाज्यांच्या सूपमध्ये ते नाही ना?" हे तिने धड विचारलं नाही. वेटर "आय थिंक सो" असं काहीसं पुटपुटला आणि ती मैत्रीण संध्याकाळभर दोन रोलवर बसली. तिसऱ्यांदा सगळं घर. चाळीस मिनिटं वाट पाहिली, मागून आलेल्या टेबलाला आधी मिळालं, पानांची ताटली आलीच नाही, सूप पुन्हा कोमट. वर बिलात सर्व्हिस चार्ज. वेटरने "एव्हरीथिंग ओके?" असं विचारल्यावर ती हसून म्हणाली, "येस, लव्हली." आणि दादरला गाडी बदलताना, मुलाने पाण्याची बाटली हॉटेलात विसरल्याचं कळल्यावर, भर पुलावर त्याच्यावर ओरडली. तो रडला. ती रात्रभर जागी राहिली.

मी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या वाटेने जाणारी आहे. 1955 च्या सुमारास त्यांनी जी विवेकनिष्ठ उपचारपद्धत मांडली, तिचं सार मी लोकांना मराठीतल्या एका अक्षराने समजावते: 'च'. "सूप गरम मिळालं तर बरं" ही इच्छा झाली. "सूप गरम मिळायलाच हवं" हा हट्ट झाला. इच्छा पुरी झाली नाही तर माणूस खट्टू होतो, आणि हट्ट पुरा झाला नाही तर पेटतो. तेव्हा मी मीनलचा 'च' शोधायला लागले. हो ची मिन्ह सिटीतली चव इथे मिळायलाच हवी, असा तिचा हट्ट असेल, हा माझा अंदाज. पहिल्या चार भेटी आम्ही त्यावर घालवल्या. ती सगळं मान्य करायची, घरी दिलेला सराव वहीत सुंदर अक्षरात लिहून आणायची. फरक शून्य. पाचव्या भेटीला येताना तिने सांगितलं की परवा मुलावर पुन्हा ओरडले.

त्या दिवशी मी वही बाजूला ठेवली आणि सहज विचारलं, "इथे खाली उडप्याकडे कधी खाता का?"

"हो, तुमच्याकडे यायच्या आधी नेहमी. इडली-सांबार."

"सांबार गार आलं तर?"

"तर काय? सांगते, अण्णा, गरम करून आणा."

"लगेच?"

"लगेच. त्यात काय!"

मग मी काहीच बोलले नाही. समुपदेशनात गप्प बसणं हे शिकावं लागतं, आणि ते मला आता जमतं. पंख्याचा आवाज तेवढा येत होता. मीनलने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. बरंच थांबून म्हणाली, "तिथे जायच्या आधी मी मोबाइलवर त्या शब्दाचा उच्चार ऐकला होता. फो नाही म्हणत ते, 'फऽ' असं काहीतरी म्हणतात. आरशासमोर चार-पाचदा म्हणून पाहिला. आमच्या घरात कोण असल्या हॉटेलात गेलंय? लालबागला चाळीत वाढले मी. आई सांगायची, कुणाकडे गेलं की पानात पडेल ते निमूट खायचं, मागायचं नाही, अन्नाला नावं ठेवायची नाहीत." जरा थांबली. "मॅडम, मी तिथे जेवायला गेलेच नव्हते. नीट वागायला गेले होते."

हे वाक्य मी त्या संध्याकाळी डायरीत उतरवून ठेवलं. पंचवीस वर्षांच्या कामात अशी दहा-बारा वाक्यं असतील.

मी चुकीच्या 'च'च्या मागे होते. सूप कसं असावं याबद्दल मीनलचा हट्ट नव्हताच. तिचा हट्ट स्वतःबद्दल होता: इथे मी अडाणी दिसताच कामा नये. कोमट सूपाची तक्रार केली आणि वेटरने भुवई उंचावली, तर चाळीतली मुलगी उघडी पडणार. म्हणून ती गोड हसायची. आणि प्रत्येक गोड हसण्यागणिक तिला स्वतःचीच चीड यायची, कारण सूप कसं असतं हे त्या हॉटेलात बसलेल्या कितीतरी जणांपेक्षा तिला जास्त कळत होतं. ती चीड बरोबर घेऊन ती गाडीत बसायची. जिथे तिची परीक्षा नव्हती अशी एकच जागा होती, तिची माणसं. सगळं तिथे सांडायचं.

आईची शिकवण खोटी नव्हती, हे मी मीनलला आवर्जून सांगितलं. दुसऱ्याच्या घरी पाहुणी म्हणून गेल्यावर ती सोन्यासारखी आहे. त्या माउलीने ती गरिबीत, मान राखायला दिली होती. पण हॉटेलात आपण गिऱ्हाईक असतो. तिथे आपल्याला कुणी प्रेमाने पान वाढलेलं नसतं. किंमत लिहिलेली असते आणि ती आपण मोजतो. हा फरक बोलून दाखवायला अगदी सोपा आहे, अंगात मुरायला महिने लागतात.

सरावासाठी मी वेटर झाले. मीनलची पहिली सात वाक्यं 'सॉरी'ने सुरू झाली. "सॉरी हं, म्हणजे तुम्हाला त्रास नसेल तर, जरा प्लीज…" आम्ही एकेक शब्द काढत गेलो. उरलं ते एवढंच: "सूप कोमट आहे. उकळून आणून द्या." ती म्हणाली, "हे उद्धट नाही वाटत?" मी म्हटलं, अण्णाला विचारून या.

हाच त्रास असलेल्यांनी माझं थोडं ऐकावं. बोलायचं ते पहिल्या दोन-तीन घासांत. वाडगा संपवून केलेली तक्रार कुणाच्याच कामाची नसते आणि तोवर आपलाही पारा चढलेला असतो. जे बिघडलंय त्याचं नाव घ्या. "तुमच्याकडे नेहमी असंच" हा निकाल झाला, तो ऐकून समोरचा स्वतःचा बचाव करू लागतो. "नूडल्स चिकटल्यात" याला काहीतरी करता येतं. आणि मागणी रास्त आहे का, अशी शंका येत असेल तर पदार्थाची माहिती असणं उपयोगी पडतं. फोच्या बाबतीत उष्णता ही आवडीनिवडीची बाब नाही. फो बोच्या एका प्रकारात मांसाचे पातळ काप कच्चेच वाडग्यात ठेवतात आणि वरून ओतलेल्या उकळत्या सूपाने ते शिजतात. कोमट सूप म्हणजे तो पदार्थ अर्ध्यावरच सोडलेला. ज्यांना मांसमच्छी चालत नाही त्यांनी सॉसबद्दल विचारावंच, आणि वेटरला ठाऊक नसेल तर "आत विचारून या" म्हणावं. यात कुणाचा अपमान नाही.

सर्व्हिस चार्जचंही तसंच. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्ये सूचना काढल्या की हॉटेलांनी तो आपोआप बिलात जोडू नये, तो देणं ग्राहकाच्या खुशीवर आहे. मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या सूचना कायम ठेवल्या. सेवा आवडली असेल तर जरूर द्या. नसेल आवडली तर "हा काढून द्या" म्हणा. ऐकलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे. मला स्वतःला मात्र त्या रकमेपेक्षा, ते वाक्य तोंडातून बाहेर पडलं का, यात जास्त रस असतो.

एक गोष्ट मी कुणापासून लपवत नाही. नीट बोललं म्हणून जेवण चांगलं होईलच असं नाही. हाडं तासन्‌तास उकळलेलीच नसतील तर तुमच्या सांगण्याने दहा मिनिटांत त्या पाण्याला चव येणार नाही. तेव्हा खट्टू व्हावं, आणि पुन्हा तिथे जाऊ नये. खट्टू झालेला माणूस पोराशी बोलत बोलत घरी येऊ शकतो.

मीनल चौथ्यांदा गेली, मुद्दाम, नवरा आणि मुलाला घेऊन. पुढच्या भेटीत तिने सगळं सांगितलं. सूप कोमटच आलं. हात थरथरत होते म्हणून तिने ते टेबलाखाली मांडीवर ठेवले आणि वाक्य म्हटलं, 'सॉरी'शिवाय. वेटर "शुअर मॅम" म्हणून वाडगा घेऊन गेला. बस, एवढंच. वाफाळतं सूप परत आलं, पानांची ताटली मागितली तीही आली. पुन्हा उकळल्यामुळे नूडल्स मात्र पार लिबलिबीत झाल्या होत्या.

"आणि चव?" मी विचारलं.

"साधारण. पाणचटच म्हणा ना," ती म्हणाली. "पुन्हा नाही जाणार मी. येताना दादरहून वडापाव घेतले, गाडीत खाल्ले तिघांनी."

वेळ संपली होती. ती उठली, पर्स खांद्याला लावली, दारापर्यंत गेली आणि वळली.

"मॅडम, एक सांगायचं होतं. ही सहाची वेळ मला पहिल्या दिवसापासून जमत नाही. ऑफिसातून अर्धा तास आधी निघावं लागतं, रोज कुणाला तरी विनवून. सातची द्याल का?"

मी डायरी उघडली आणि गुरुवारच्या पानावर सहा खोडून सात लिहिले.